सहलीचा ठराव झाला आहे, शिबिराचा व्हायचा आहे

पत्र : सांगली जिल्ह्यातील एका नागरी सहकारी पतसंस्थेत मी दीड वर्षापासून मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून काम पाहते. त्याआधी मी दुसऱ्या संस्थेत होते. आमच्या 9 शाखा असून मुख्य कार्यालय धरून 64 कर्मचारी आहेत. दुकानोदुकानी जाऊन रोजची बचत गोळा करणारे पिग्मी प्रतिनिधी वेगळे. संस्थेची आर्थिक स्थिती चांगली आहे, पण शाखा आणि मुख्य कार्यालय एकमेकांना परके मानतात. कर्ज थकले की शाखा म्हणते, मंजुरी तुम्ही दिली. कर्ज विभाग म्हणतो, शिफारस तुमची होती. वसुली विभाग दोघांनाही बोल लावतो. एका शाखेत माणूस कमी पडला तर शेजारची शाखा माणूस देत नाही. संचालक मंडळाने जानेवारीत सर्वांना शनिवार-रविवार महाबळेश्वरला नेण्याचा ठराव केला आहे. संघभावना वाढावी, संस्थेची एक कार्यसंस्कृती तयार व्हावी, असे अध्यक्षांचे म्हणणे आहे. मी येण्यापूर्वी असेच एका रिसॉर्टवर नेले होते. तेथे एका प्रेरणादायी वक्त्यांचे भाषण, संध्याकाळी डीजे आणि सर्वांना एकसारखे टी-शर्ट असा कार्यक्रम झाला. कर्मचारी आजही त्याची थट्टा करतात आणि ‘त्यापेक्षा तेवढे पैसे बोनसमध्ये द्या’ असे उघड म्हणतात. खर्च वाया जाऊ नये आणि दोन दिवसांचा तक्रारींचा बाजार होऊ नये, यासाठी मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात कार्यसंस्कृतीची भाषा अध्यक्षांची आहे आणि थकलेल्या कर्जाची तुमची. शिबिराची आखणी तुमच्या भाषेतून व्हावी, असे मला वाटते. शाखा, कर्ज विभाग आणि वसुली विभाग यांच्यात जे चालले आहे ते माणसामाणसांतले वितुष्ट आहे असे गृहीत धरले, की उपायही मने जुळवण्याचेच सुचतात : खेळ, भाषण, एकत्र जेवण. परंतु तुम्ही वर्णन केलेला वाद मुळात एका फाइलच्या प्रवासाचा आहे. शिफारस करणाऱ्या शाखाधिकाऱ्याला छाननीत नेमके काय पाहिले जाते ते पुरते ठाऊक नसते, छाननी करणाऱ्याने कर्जदाराचे दुकान किंवा बाग कधी पाहिलेली नसते, आणि वसुली अधिकाऱ्याच्या हाती ती फाइल हप्ते थांबल्यावरच येत असल्यामुळे त्याला आधीच्या दोघांचे दोष तेवढे दिसतात. अशा रचनेत कितीही समजूतदार माणसे आणून बसवली, तरी काही काळाने तीही एकमेकांकडे बोट दाखवू लागतील. म्हणून या दोन दिवसांत एकच काम करावे : जी माणसे एरवी फक्त फोनवर आणि शेऱ्यांतून भेटतात, त्यांनी एका खोलीत बसून ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावी आणि तिच्या वाटेतील तीन-चार अडचणी दूर करण्याचे ठरवावे. सहकार्याची सवय लागायची असेल तर ती अशा कामातून लागेल. ती नुसत्या आवाहनाने लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

शिबिराचे यश शिबिराच्या दिवसांपेक्षा त्याआधीच्या आठवड्यांत ठरते. संघांच्या कामकाजावर दीर्घकाळ संशोधन केलेले हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक रिचर्ड हॅकमन यांनी एक ढोबळ प्रमाण मांडले होते. संघाची कामगिरी कशी होईल यातला सुमारे 60 टक्के भाग नेत्याने आधी केलेल्या तयारीवर, म्हणजे काम कोणते, माणसे कोण आणि त्यांना अधिकार किती हे स्पष्ट करण्यावर अवलंबून असतो, 30 टक्के भाग कामाचा प्रारंभ कसा झाला यावर, आणि पुढच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाच्या वाट्याला उरतात ते 10 टक्के. हे आकडे तंतोतंत मानण्याचे कारण नाही, पण त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे बहुतेक संस्थांत हा क्रम नेमका उलटा असतो : रिसॉर्ट आधी ठरते, वक्ते नंतर, आणि आपण कशासाठी जात आहोत याची चर्चा बसमध्ये होते.

पहिली गोष्ट, जानेवारीची तारीख बदलून घ्या. जानेवारी उजाडला की पतसंस्थेतील प्रत्येकाच्या डोक्यात मार्चअखेर असते. वसुली विभागाला तर त्या तीन महिन्यांत दुसरे काही सुचत नाही आणि सुचूही नये. ज्यांच्यासाठी हे सर्व करायचे तेच मोबाइल कानाला लावून सभागृहाबाहेर उभे राहतील. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी आटोपलेली असते, त्यामुळे दिवाळीनंतरचा पंधरवडा सर्वांत सोयीचा. तो साधता आला नाही तर ताळेबंदाची धावपळ ओसरल्यावर, एप्रिलच्या उत्तरार्धात, मे महिन्यातील लग्नसराईच्या आत. तसेच कर्मचाऱ्यांचा शनिवार-रविवार घेऊ नका. घरचा एकुलता मोकळा दिवस संस्थेच्या नावावर लिहून घ्यायचा आणि वर त्यांनी आनंदी दिसावे अशी अपेक्षा ठेवायची, हे न्याय्य नाही. सर्व शाखा एकाच दिवशी बंद ठेवता येणार नाहीत हे उघड आहे, म्हणून 32 जणांच्या दोन तुकड्या करा; प्रत्येक शाखेतून आणि विभागातून निम्मी माणसे पहिल्या तुकडीत, निम्मी दुसऱ्या तुकडीत, कामाच्या दिवशी. चर्चेच्या दृष्टीनेही 64 जणांपेक्षा 32 जणांची बैठक फार बरी. अगदीच सुट्टीचा दिवस घ्यावा लागला, तर भरपाई रजेचा उल्लेख त्याच परिपत्रकात करा, नंतर नव्हे.

महाबळेश्वर मला दूर वाटते. जाण्यायेण्यात दोन्ही दिवसांचा मोठा भाग जाईल आणि घाट चढून आलेल्या माणसांना पहिल्या सत्रात डुलक्या येतील. तास-दीड तासाच्या अंतरावर, मुक्कामाची साधी सोय असलेले ठिकाण पुरेसे आहे. सभागृह पाहायला स्वतः जा. खुर्च्या हलवता येतात का, भिंतींवर मोठे कागद चिकटवू देतात का, खिडक्या आहेत का, एवढे तीन प्रश्न विचारा. व्यासपीठ असेल तर त्याच्याकडे पाठ करून खुर्च्या मांडा.

आता सर्वांत महत्त्वाची आणि तुम्हाला अवघड जाणारी तयारी. शिबिरात काय ठरवता येईल, याची परवानगी आधी संचालक मंडळाकडून घ्या. तुमच्या संस्थेतील प्रश्नांचे तीन भाग पडतील. काही गोष्टी तुमच्या अधिकारात आहेत : कर्ज प्रस्तावासोबतच्या कागदपत्रांची यादी, प्रस्ताव परत पाठवण्याची पद्धत, शाखांनी परस्परांना मनुष्यबळ देण्याचे नियम. काही मंडळाच्या अधिकारात आहेत : शाखाधिकाऱ्यांच्या कर्जमंजुरीची मर्यादा, कर्ज उपसमितीच्या बैठका किती दिवसांनी व्हाव्यात, शाखांची उद्दिष्टे कशी मोजावीत. आणि पगार, बढती, बदल्या या गोष्टी या शिबिराच्या कक्षेबाहेरच्या आहेत. हे तिन्ही भाग निमंत्रणाच्या परिपत्रकातच लिहा. दुसऱ्या भागातील निदान एका विषयावर, कर्मचाऱ्यांनी केलेली शिफारस पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घेऊन तिच्यावर लेखी निर्णय देऊ, असे आश्वासन अध्यक्षांकडून मिळवा. ते मिळत नसेल, काहीही बदलण्याची मंडळाची तयारीच नसेल, तर शिबिर घेऊ नका. सर्वांना कुटुंबासह महाबळेश्वरला न्या, वेण्णा तलावात नौकाविहार करू द्या, स्ट्रॉबेरी खाऊ द्या, आणि त्याला सहल असेच म्हणा. चांगल्या सहलीत काही कमीपणा नाही. मत विचारून ते गुंडाळून ठेवण्यापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे.

मंडळाचा होकार मिळाल्यावर महिनाभर आधी शाखांना भेटी द्या. प्रत्येक शाखेत शाखाधिकारी, एखादा लिपिक, रोखपाल आणि शिपाई यांच्याशी वेगवेगळे बोला आणि सर्वांना सारखाच प्रश्न विचारा : गेल्या सहा महिन्यांत मुख्य कार्यालयामुळे किंवा दुसऱ्या शाखेमुळे तुमचे कोणते काम अडले? उत्तरे लिहून घ्या, नावे लिहू नका. मुख्य कार्यालयातही हाच प्रश्न शाखांबद्दल विचारा. तुम्ही बाहेरून आलेल्या आणि तुलनेने नव्या आहात, याचा येथे फायदा आहे. पंचवीस वर्षे एकाच खुर्चीत असलेल्या माणसाला जे विचारायला संकोच वाटेल, ते तुम्ही अजून विचारू शकता. ही सवलत आणखी वर्षभराने राहणार नाही.

पिग्मी प्रतिनिधींचा उल्लेख तुम्ही ‘वेगळे’ असा केला आहे. ते पगारी कर्मचारी नाहीत, कमिशनवर काम करतात, हे खरे. पण बाजारपेठेतील कोणत्या दुकानाचे शटर हल्ली दुपारीच खाली येते, कोणाचा माल उठेनासा झाला आहे, कोणाच्या घरी भावाभावांत वाटणी झाली आहे, हे संस्थेत सर्वांत आधी त्यांनाच कळते. कर्ज थकण्याच्या कितीतरी आधी त्यांना ते दिसलेले असते आणि सांगायला त्यांना कोणी नसते. प्रत्येक तुकडीत निदान चार अनुभवी प्रतिनिधींना बोलवा. रोजचे संकलन बुडेल आणि त्या दोन दिवसांचे कमिशन जाईल, ही त्यांची अडचण असते, म्हणून संकलनाची पर्यायी व्यवस्था करून दोन दिवसांच्या सरासरी कमिशनइतकी रक्कम त्यांना द्या. एकूण खर्चात ती फार मोठी नाही.

सत्रे तुम्ही स्वतः चालवू नका. तुम्ही या वादातील एक पक्ष आहात; मुख्य कार्यालयाच्या प्रमुखच फळ्यापाशी उभ्या राहिल्या तर शाखा बोलणार नाहीत. सहकार प्रशिक्षणात मुरलेला, पण तुमच्या संस्थेशी हितसंबंध नसलेला एखादा सुलभक, म्हणजे गटाची चर्चा चालवणारा माणूस, बोलवा आणि त्याला तुमची टिपणे आधी द्या. भाषण देण्याची हौस असलेला माणूस टाळा. पहिल्या भेटीत तो अधिक बोलतो की तुम्ही, एवढ्यावरून याचा अंदाज येतो.

पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटन दहा मिनिटांत आटोपा. शाल, श्रीफळ, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत आणि आभार या मार्गाने गेलात तर जेवणाची वेळ होईल, आणि कोण व्यासपीठावर बसतो व कोण खाली, हेच सर्वांना पुन्हा एकदा कळेल. अध्यक्षांनी तीन गोष्टी सांगाव्यात : हे शिबिर का घेतले आहे, कोणत्या विषयांवर निर्णय होऊ शकतो, आणि येथे बोललेल्याचा परिणाम कोणाच्या गोपनीय अहवालावर होणार नाही. त्यानंतर त्यांनी आणि इतर संचालकांनी निघून जावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत यावे. अध्यक्षांना हे रुचणार नाही, कारण त्यांच्या मनात वडीलधाऱ्याने घरच्या कार्यात उभे राहण्याची भावना असेल. त्यांना अदबीने एवढेच सांगा की तुम्ही समोर असाल तर माणसे एकमेकांशी न बोलता तुमच्याशी बोलतील.

त्यानंतर मुख्य काम. चार जुनी कर्जप्रकरणे निवडा. दोन वेळेवर फिटलेली, दोन थकलेली. कर्जदाराचे आणि जामीनदारांचे नाव, पत्ता, शाखेचे नाव झाका. ज्या प्रकरणात कोणाची चौकशी चालू आहे किंवा वाद न्यायालयात आहे, ते घेऊ नका. माणसांचे चार गट करा आणि प्रत्येक गटात शाखा, कर्ज विभाग, वसुली, हिशेब विभाग आणि पिग्मी प्रतिनिधी असे सर्व प्रकारचे लोक ठेवा. भिंतीवर लांब कागद लावून त्यावर त्या प्रकरणाचा प्रवास मांडायला सांगा : अर्ज कधी आला, सिबिल अहवाल कधी काढला, सातबारा किंवा दुकानाचा परवाना कोणी पाहिला, जामीनदाराशी कोण बोलले, छाननीत काय शेरा पडला, उपसमितीपुढे कधी गेले, रक्कम कधी दिली, पहिला हप्ता कधी चुकला, पहिली नोटीस कधी निघाली, आणि प्रकरण सहकार कायद्याच्या कलम 101 खालील वसुली दाखल्यापर्यंत गेले असेल तर मधले महिने कशात गेले. प्रत्येक टप्प्याखाली दोन ओळी लिहायच्या : त्या वेळी आपल्याला काय ठाऊक होते, आणि जे ठाऊक असायला हवे होते पण दुसऱ्या कोणाकडे होते ते काय. ‘कोणाचे चुकले’ हा प्रश्न भिंतीवर येऊ देऊ नका. त्या दोन ओळींतून हवे ते आपोआप समोर येते.

काय समोर येईल याचा अंदाज तुमच्या जिल्ह्यावरून बांधता येतो. तासगाव-मिरज भागातील द्राक्ष बागायतदाराला दरमहा हप्त्याचे कर्ज दिलेले असते आणि त्याच्या हाती पैसा मात्र हंगामात द्राक्ष विकून किंवा पुढे बेदाण्याचे सौदे झाल्यावर येतो. तो पावसाळ्यात थकबाकीदार ठरतो, वसुलीचे लोक त्याच्या दारात जातात, आणि हंगामात तो राग धरून सर्व रक्कम एकदम फेडून दुसऱ्या संस्थेत जातो. शाखेला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, पण प्रस्तावाच्या नमुन्यात ते लिहायला जागा नसते आणि संगणक प्रणालीत मासिक हप्त्याशिवाय पर्याय कोणी सुरू केलेला नसतो. किंवा असे दिसेल की एकच माणूस तीन शाखांत तीन निरनिराळ्या कर्जांना जामीन आहे आणि तिन्ही शाखांनी आपापल्या जागी चोख काम केले आहे. ही उदाहरणे मी अंदाजाने दिली आहेत; तुमच्या भिंतीवर कदाचित वेगळीच येतील. परंतु दोष देण्यासारखा माणूस सापडत नाही आणि तरीही कर्ज थकते, हे 32 जणांनी एकाच वेळी पाहिले, की त्या वादाची धार बरीच कमी होते.

या चर्चेत एक नियम कटाक्षाने पाळा. प्रत्येक प्रश्नावर आधी दहा मिनिटे सर्वांनी शांतपणे, एकट्याने कागदावर लिहायचे आणि मगच बोलायचे. बोलताना सर्वांत कनिष्ठाने प्रथम आणि शाखाधिकाऱ्यांनी शेवटी. येल विद्यापीठात 1958 साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटांपेक्षा, तितक्याच संख्येने पण एकेकट्याने विचार करणाऱ्या माणसांच्या कल्पनांची बेरीज बरीच जास्त भरली होती. आपल्या कार्यालयांत तर साहेब एकदा बोलले की बाकीच्यांच्या कल्पना ‘साहेबांनी म्हटल्याप्रमाणे’ या शब्दांनी सुरू होतात आणि तेथेच संपतात. ‘इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज’ या नैतिक परिवर्तनाच्या चळवळीच्या पाचगणीतील एशिया प्लॅटो या केंद्रात शांत बसून मनात येईल ते वहीत लिहिण्याला कार्यक्रमाइतकेच महत्त्व दिले जाते. तेथील नैतिक भूमिका तुम्हाला पटो न पटो, ही शांततेची वेळ उसनी घेण्याजोगी आहे.

चुका उघड होण्याची भीती तुमच्या मनात असेल, म्हणून एक अभ्यास सांगतो. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांतील संघांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुका मोजल्या, तेव्हा जे संघ अधिक चांगले काम करतात असे दिसत होते, त्यांच्याच नावावर अधिक चुका निघाल्या. पुढे उलगडा झाला तो असा, की ते संघ चुका जास्त करत नव्हते, त्या मोकळेपणाने सांगत होते. इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. तुमच्या शिबिरातही जी शाखा सर्वांत जास्त त्रुटी भिंतीवर मांडेल, ती सर्वांत वाईट शाखा असण्याचा संभव कमी आहे. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर लेखापरीक्षकाचे भाव आले तर उरलेल्या आठ शाखा तत्काळ निर्दोष होतील. एक मर्यादा मात्र आरंभीच स्पष्ट करा : अफरातफर किंवा खोटी कागदपत्रे समोर आली तर ती गुपचूप ठेवण्याचे वचन तुम्ही देऊ शकत नाही आणि देऊही नका.

तक्रारींच्या बाजाराची काळजी तुम्ही करता, पण तक्रारी येणारच, आणि त्या आल्याच नाहीत तर मला अधिक चिंता वाटेल. त्यांना जागा हवी, एवढेच. सभागृहाच्या एका भिंतीवर वेगळा कागद लावा आणि पगार, बदल्या, बढती यांविषयी जे काही निघेल ते तेथे लिहून ठेवा. त्याचे लेखी उत्तर कोणत्या तारखेपर्यंत देणार ते त्याच कागदावर टाका. ‘पैसे बोनसमध्ये द्या’ या म्हणण्यावरही नाराज होऊ नका. मागचा कार्यक्रम पाहता तो अगदी समंजस अभिप्राय आहे. या वेळचा माणशी खर्च किती हे सर्वांना सांगून टाका. तो लपवला की त्याचे आकडे चहाच्या टपरीवर तिप्पट होतात.

वक्ते नकोत. त्या तासात दोन सभासदांना बोलवा. एक जुना, वेळेवर फेड करणारा कर्जदार आणि एक ठेवीदार महिला असेल तर उत्तम. शाखेत पाऊल ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय अनुभव येतो, कोणत्या कागदासाठी किती हेलपाटे घातले, हे त्यांनी त्यांच्या भाषेत सांगावे आणि कर्मचाऱ्यांनी मध्ये न बोलता ऐकावे. खेळ हवेच असतील तर तास-दीड तास क्रिकेट किंवा अंताक्षरी पुरे. डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडण्याचे विश्वासाचे खेळ करू नका. पन्नाशीतल्या रोखपालाच्या कमरेला ते झेपत नाहीत आणि अनेक स्त्रियांना ते नकोसे वाटतात.

संध्याकाळ मोकळी ठेवा आणि नाचण्याची सक्ती कोणावर करू नका. संस्थेच्या खर्चाने किंवा संस्थेच्या मुक्कामात मद्य नको, हे परिपत्रकात स्पष्ट लिहा. येथे कायद्याची एक बाब तुमच्या लक्षात असावी : कामाच्या ठिकाणी महिलांचे लैंगिक छळापासून संरक्षण करणाऱ्या 2013च्या कायद्यानुसार नोकरीच्या निमित्ताने भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरवलेले वाहनही कामाच्या ठिकाणातच मोडते. म्हणजे बस आणि मुक्कामाची खोली येथेही तुमची जबाबदारी शाखेइतकीच आहे. या कायद्याखालील तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक कार्यक्रमपत्रिकेवर छापा आणि दोन्ही तुकड्यांबरोबर समितीतील एक महिला सदस्य असेल असे पाहा. लहान मुले किंवा आजारी माणूस घरी असल्यामुळे ज्यांना रात्री राहता येत नाही, त्यांच्यासाठी जाण्यायेण्याची सोय ठेवा आणि त्याबद्दल खुलासा मागू नका. शिपाई आणि वाहनचालक यांना खोली आणि जेवण बाकीच्यांसारखेच असावे. या बाबतीत कर्मचाऱ्यांची नजर फार तीक्ष्ण असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुष्यबळाचा प्रश्न घ्या. शेजारची शाखा माणूस देत नाही, याचे कारण शोधताना तुम्हाला बहुधा उद्दिष्टांपाशी यावे लागेल. ठेवी आणि वसुली शाखानिहाय मोजली जात असेल आणि त्यावरच शाखाधिकाऱ्याचे कौतुक किंवा कानउघाडणी होत असेल, तर स्वतःचा माणूस दुसऱ्याला देणारा शाखाधिकारी स्वतःचेच नुकसान करून घेतो. त्याला सहकाराची महती सांगून उपयोग नाही. दिलेल्या मनुष्यदिवसांची नोंद त्याच्या कामगिरीत व्हावी, किंवा जवळजवळच्या दोन-तीन शाखांना काही उद्दिष्टे सामाईक असावीत, असे पर्याय गटांपुढे ठेवा आणि त्यांनी तयार केलेली शिफारस दुपारी अध्यक्षांसमोर शाखेतील माणसानेच मांडावी, तुम्ही नाही.

निर्णय तीन किंवा चारच घ्या. ते लिहून झाल्यावर गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली एक युक्ती वापरा : वर्ष उलटले आहे आणि हे सर्व निर्णय सपशेल फसले आहेत असे समजून, ते का फसले याची कारणे प्रत्येकाने लिहायची. ‘हे होणार नाही’ असे वरिष्ठांसमोर म्हणायला जो कचरतो, तोही झालेल्या अपयशाची कारणे मात्र भराभर लिहितो. ‘मार्च आला आणि सगळे बारगळले’, ‘संगणक कंपनीने बदल करून दिला नाही’, ‘परिपत्रक आले पण कोणी वाचले नाही’, अशी कारणे निघतील आणि त्यांतली निम्मी आधीच टाळता येण्याजोगी असतील.

परतल्यावरचा पहिला बदल पंधरा दिवसांच्या आत दिसला पाहिजे आणि तो शक्यतो मुख्य कार्यालयाला तोशीस देणारा असावा, शाखांना नव्हे. उदाहरणार्थ, प्रस्ताव परत पाठवायचा असेल तर सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवायच्या, पुन्हा नवी त्रुटी काढायची नाही, हा नियम कर्ज विभागाने स्वतःवर घालून घ्यावा. त्यासोबत कर्ज विभागातील प्रत्येकाने दर तिमाहीत काही दिवस एखाद्या शाखेत बसावे आणि शाखेतील एकाने तेवढे दिवस कर्ज विभागात. प्रगती मोजण्यासाठी समाधानाची प्रश्नावली काढू नका. अर्जापासून मंजुरीपर्यंत सरासरी किती दिवस लागले आणि किती प्रस्ताव त्रुटींमुळे परत गेले, हे दोन आकडे शिबिरापूर्वीच्या तीन महिन्यांचे आजच काढून ठेवा आणि शाखाधिकाऱ्यांच्या मासिक सभेत पहिला विषय म्हणून दर महिन्याला वाचा.

दुसरी तुकडी पहिलीनंतर दोन आठवड्यांच्या आत न्या, नाहीतर पहिल्या तुकडीचे किस्से तिच्या आधी पोहोचतील. पहिल्या तुकडीतील दोघांनी दुसऱ्या तुकडीच्या आरंभी आपल्या भिंतीवर काय दिसले ते सांगावे, पण निर्णय तयार म्हणून देऊ नयेत. दोन्ही तुकड्यांचे निर्णय जेथे जुळत नाहीत, तेथे दोन्हींकडून तीन-तीन माणसे तुमच्या दालनात एक दुपार बसवा. अध्यक्षांनी आश्वासन दिलेल्या विषयावर मंडळाचा निर्णय झाला की तो प्रतिकूल असला तरी कारणांसह सर्व शाखांना पाठवा, आणि तो मुख्य कार्यालयाच्या फलकावर लावण्याआधी ज्यांनी शिफारस मांडली होती त्या कर्मचाऱ्याला फोन करून स्वतः कळवा.